डीएनएची पट्टी आणि अर्ध्या तासाचे गणित

क्षयरोगाचे जंतू रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देतात की नाही, हे जाणण्यासाठी पूर्वी ते जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यावाचून पर्याय नव्हता. क्षयाचा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. त्यामुळे निष्कर्ष हाती येईपर्यंत कित्येक आठवडे जात. तोवर रुग्ण निरुपयोगी ठरलेले औषध घेत राही आणि घरातील इतरांना तोच हट्टी जंतू देत राही. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'लाइन प्रोब ॲसे' अर्थात 'एलपीए' या चाचणीला मान्यता दिली आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत उत्तर मिळू लागले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना पुरून उरणाऱ्या क्षयाचे रुग्ण आढळल्याची नोंद केली होती. अशा देशात आणि अशा शहरात या वाचलेल्या दिवसांचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

या चाचणीचे मुख्य साधन म्हणजे एक अरुंद पांढरी पट्टी. क्षयासाठी सर्वाधिक परिचित असलेल्या जर्मन बनावटीच्या पट्टीवर २७ ठिकाणी, कोऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या आडव्या रेषांत, डीएनएचे छोटे एकपेडी तुकडे पक्के बसविलेले असतात. रुग्णाच्या थुंकीतील जंतूंचा डीएनए वेगळा काढून यंत्रात त्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात. क्षार घालून त्यांचे दोन पेड अलग केले जातात आणि ते द्रावण पट्टीवर सोडले जाते. ४५ अंश सेल्सिअस तापमानात ३० मिनिटे ठेवायचे, मग त्याच तापमानात १५ मिनिटे धुवायचे, असा दंडक आहे. ही ३० आणि १५ मिनिटे कोठून आली, तेवढ्या वेळात पट्टीवर काय घडते आणि घाई वा हयगय झाल्यास काय बिघडते, याची उत्तरे ज्या अभ्यासशाखेत मिळतात ती म्हणजे पृष्ठभागावरील डीएनए संकरणाची गतिकी. नाव भारदस्त असले तरी विषय वेळेचा आहे. कोणता रेणू किती वेळात येतो, किती काळ थांबतो आणि केव्हा सोडून जातो, एवढेच त्यात पाहायचे असते.

सुटलेला गोफ पुन्हा विणला जातो

डीएनए हा दुपेडी गोफ आहे, हे वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. एका पेडावरील ॲडेनिनसमोर दुसऱ्या पेडावर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, अशी त्याची बांधणी असते. द्रावण तापविले की हे पेड सुटतात. मात्र एकदा सुटलेले पेड पुन्हा आपापली जोडी शोधून काढतील, असे त्या वेळी कोणाला सहजासहजी वाटले नसते. हार्वर्ड विद्यापीठात ज्युलियस मार्मर, पॉल डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये ते सिद्ध केले. तापविलेले द्रावण झटकन थंड केले तर पेड तसेच भरकटत राहतात. सावकाश थंड केले तर गोफ पुन्हा विणला जातो. वेगवेगळ्या उगमांचे पेड अशा रीतीने एकत्र आले की त्यास संकरण म्हणतात. म्हणजे या विषयाच्या पहिल्याच पानावर घड्याळ होते.

पुढे १९६८ मध्ये जेम्स वेटमर आणि नॉर्मन डेव्हिडसन यांनी या पुनर्जुळणीचा वेग बारकाईने मोजला. दोन पेडांची गाठ पडणे हाच सर्वांत रेंगाळणारा टप्पा असल्याचे त्यांना दिसले. दोन साखळ्या एकमेकींवर आदळतात, बहुतेक वेळा काहीच न होता दूर होतात. क्वचित कधी दोन-तीन अक्षरे योग्य तऱ्हेने समोरासमोर येतात आणि मग पिशवीची चेन सरकन लागावी तशी उरलेली अक्षरे जुळत जातात. चेनचे पहिले दोन दाते अडकविण्यातच सगळा वेळ जातो, पुढचे काम क्षणाचे असते. अतिवेगवान रासायनिक क्रियांच्या मोजणीसाठी १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे मॅनफ्रेड आयगेन आणि त्यांचे सहकारी पोर्शके यांनी १९७१ मध्ये छोट्या तुकड्यांवर हेच चित्र अधिक स्पष्ट केले.

द्रावणातील या जुळणीचा हिशेब सरळ आहे. डीएनएची मात्रा निम्मी केली तर लागणारा वेळ दुप्पट होतो. रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांनी १९६८ मध्ये याच नियमाचा आधार घेऊन एक मोठा शोध लावला. उच्च प्राण्यांच्या डीएनएचा काही भाग अपेक्षेपेक्षा फारच झपाट्याने जुळतो, याचा अर्थ तोच मजकूर तेथे हजारो वेळा पुन:पुन्हा लिहिलेला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो खरा ठरला. एकही अक्षर न वाचता, केवळ वेगावरून जनुकसंचाची ठेवण ओळखण्याचे ते उदाहरण होते.

एक पेड खिळलेला असतो तेव्हा

जैवसंवेदकात मात्र परिस्थिती बदलते. येथे जुळणाऱ्या दोन पेडांपैकी एक, म्हणजे शोधक, काचेवर, सोन्यावर किंवा पट्टीवर खिळलेला असतो. त्याला हिंडता येत नाही. लक्ष्य असलेल्या पेडालाच सगळा प्रवास करून त्याच्यापाशी यावे लागते. पृष्ठभागावर रेणू कसे बसतात, याचा मूलभूत विचार आयर्व्हिंग लँगम्युर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केला होता; १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पृष्ठभाग-रसायनाच्या याच कामगिरीबद्दल मिळाले. पृष्ठभागावर ठराविक जागा, एका जागेवर एकच रेणू, सर्व जागा सारख्या आणि शेजाऱ्याशी कोणाचे देणेघेणे नाही, असे त्यांचे गृहीतक होते. डीएनए संवेदकाचा हिशेब आजही येथूनच सुरू होतो, जरी तो येथे फार काळ टिकत नसला तरी.

या हिशेबाची एक झलक पाहण्याजोगी आहे. पृष्ठभागावरील छोट्या तुकड्यांच्या जुळणीचे वेगांक प्रयोगागणिक वेगवेगळे येतात; समजण्यापुरता 'मोलरमागे सेकंदाला १ लाख' हा आकडा घेण्यास हरकत नाही. द्रावणात लक्ष्याची मात्रा १ नॅनोमोलर असेल, म्हणजे प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६० कोटी रेणू असतील, तर दोनतृतीयांशाच्या आसपास शोधक भरण्यास १० हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. मात्रा हजारपटीने घटवून १ पिकोमोलर केली तर तेवढ्याच भरतीला १ कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ ११६ दिवस हवेत. थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत जंतू दिसण्यासाठी दर मिलिलिटरला साधारण १० हजार जंतू असावे लागतात. डीएनएच्या भाषेत ही मात्रा पिकोमोलरच्याही कित्येक हजार पटींनी खाली येते. म्हणूनच पट्टीवर सोडण्यापूर्वी डीएनएच्या प्रती काढाव्या लागतात. प्रत्येक फेरीत दुप्पट झालेला रेणू ३० फेऱ्यांत १०० कोटींपलीकडे जातो. एलपीएची ३० मिनिटे या आधीच्या तयारीच्या जोरावर उभी आहेत. प्रती काढण्याची पायरी गाळून थेट थुंकीतून डीएनए ओळखणारा संवेदक बनविल्याचे दावे अधूनमधून होत असतात; त्यांच्याकडे पाहताना हा गुणाकार हाताशी असलेला बरा.

तरीही नॅनोमोलर मात्रेत अर्ध्या तासात फारच थोडे शोधक भरणार, मग रेषा दिसते कशी? धुण्यानंतर पट्टीवर एक विकर सोडले जाते. ते केवळ जुळलेल्या लक्ष्याच्या टोकाला असलेल्या खुणेला चिकटते आणि त्याचा एकेक रेणू रंगाचे असंख्य कण तयार करतो. सर्व जागा भरण्याची वाट पाहण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

प्रवास, गर्दी आणि विद्युतभार

वरील हिशेबात एक गोष्ट सोयीने वगळलेली आहे. लक्ष्य पृष्ठभागाशी हजरच आहे, असे त्यात धरले आहे. प्रत्यक्षात स्थिर द्रावणात रेणू केवळ विसरणाने, म्हणजे वाट फुटेल तसे धडपडत पुढे सरकतात. वीसएक अक्षरांच्या तुकड्याला अशा रीतीने एक दशांश मिलिमीटर जाण्यास मिनिटभर पुरते. १ मिलिमीटरला जवळजवळ दीड तास आणि १ सेंटिमीटरला सुमारे सहा दिवस लागतात. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो, हा विसरणाचा स्वभाव आहे. त्यातच पृष्ठभागालगतचे रेणू आधी टिपले जातात आणि तेथील द्रावण रिते होते. उन्हाळ्यात विहीर भराभर उपसली की मोटेला मग झऱ्यांच्या गतीनेच पाणी मिळते. संवेदकाचेही तसेच होते. शोधक कितीही तत्पर असले तरी पुरवठा जेवढा होईल तेवढेच काम होते. अशा वेळी यंत्रावर दिसणारा वेग जुळणीचा नसून प्रवासाचा असतो आणि तो जुळणीचा समजून काढलेले वेगांक चुकतात. जुन्या शोधनिबंधांतील बरेच आकडे एकमेकांशी न जुळण्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणूनच एलपीएचा ट्रे त्या अर्ध्या तासात सतत डोलता ठेवला जातो. ही बाब किरकोळ वाटते, परंतु डोलविणारे यंत्र बंद पडले तर तीच पट्टी, तेच द्रावण आणि तेच तापमान असूनही रेषा फिकट येऊ शकतात. जनुक-चिपच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. २५ अक्षरी शोधकांच्या ॲफिमेट्रिक्स कंपनीच्या चिपसाठी ४५ अंशांवर, फिरत्या भट्टीत, तब्बल १६ तासांचे संकरण सांगितलेले असे. एका रात्रीत प्रयोग आटोपतो ही सोय होतीच, पण कमी मात्रेच्या जनुकांना तेवढा वेळ आवश्यकही होता.

संवेदक जितका लहान तितका संवेदनशील, असा एक समज २००० नंतरच्या नॅनोतंत्रज्ञानाच्या लाटेत रुजला होता. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील पॉल शीहान आणि लॉइड व्हिटमन यांनी २००५ मध्ये तो मोडीत काढला. संवेदक लहान केला तर त्याच्यापर्यंत दर मिनिटाला पोहोचणारे रेणूही कमी होतात. रेणूंना मुद्दाम ओढून आणण्याची सोय नसेल, तर व्यवहार्य वेळेत एकेकटा नॅनोसंवेदक पिकोमोलरच्या आसपासच अडतो, असे त्यांचे गणित होते. उपकरण एक रेणूही ओळखू शकते, पण तो रेणू यायला तर हवा!

प्रवासानंतर प्रश्न येतो गर्दीचा. पृष्ठभागावर शोधक जितके दाट तितका संकेत जोरकस, असे सहज वाटते. पीटरसन, हीटन आणि जॉर्जियाडिस यांनी २००१ मध्ये सोन्याच्या पातळ थरावर शोधक बसवून, त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातील बदलावरून जुळणी क्षणोक्षणी मोजली. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ लाख कोटींपेक्षा कमी शोधक असतील, तर जवळजवळ सर्व शोधकांना जोडी मिळते आणि जुळणी लँगम्युर यांच्या नियमाबरहुकूम भरभर होते. त्याहून दाटी वाढविली तर जोडी मिळण्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत घसरते, वेग मंदावतो आणि आलेखाचा आकारच बदलतो. ३ लाख कोटी म्हणजे दोन शोधकांमध्ये सुमारे ६ नॅनोमीटर अंतर. गोफाची जाडी २ नॅनोमीटर असते. म्हणजे जागा मुळीच उरत नाही असे नव्हे. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात उभे असलेले प्रवासी आतला रिकामा भाग अडवून धरतात, तसे आधी जुळलेले गोफ नव्याने येणाऱ्यांची वाट अडवितात. शोधक सोन्यावर आडवे पडू नयेत, ताठ उभे राहावेत यासाठी त्यांच्यामध्ये मर्कॅप्टोहेक्झॅनॉल हे छोट्या साखळीचे रसायन पेरण्याची युक्ती हर्न आणि टारलोव्ह यांनी १९९७ मध्ये वापरली. आज ती सर्रास वापरली जाते.

गर्दीत भर पडते ती विद्युतभाराची. डीएनएच्या प्रत्येक अक्षरामागे एक ऋणभार असतो. शोधकांचा ऋण आणि येणाऱ्या लक्ष्याचाही ऋण. दोघे एकमेकांना दूर लोटतात. द्रावणातील मिठाचे धनभारित आयन मध्ये आले की हा दुरावा झाकला जातो. १ मोलर मिठात हे लोटणे एक तृतीयांश नॅनोमीटरच्या अंतरातच विरते, तर हजारपटीने सौम्य द्रावणात ते १० नॅनोमीटरपर्यंत जाणवते. संकरणाचे द्रावण खारट का ठेवतात, याचे कारण हेच. याच भाराचा उलटा उपयोगही करून घेण्यात आला. नॅनोजेन या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी १९९७ मध्ये चिपवरील बिंदूंना धनभार देऊन डीएनए तेथे खेचून आणला आणि नंतर भार उलटवून नीट न जुळलेले तुकडे पिटाळून लावले. तासांचे काम त्यामुळे मिनिटांत, किंबहुना त्याहूनही कमी वेळात होऊ लागले. कल्पना देखणी होती. बाजारात मात्र ती तगली नाही आणि २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

येण्यात भेद नाही, जाण्यात आहे

आतापर्यंत योग्य जोडीच येत आहे, असे धरले. रोगनिदानात खरी कसोटी लागते ती जवळजवळ योग्य असलेल्या जोडीमुळे. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंत सर्वाधिक आढळणारा बदल अवघ्या एका अक्षराचा असतो. 'आरपीओबी' या जनुकात, परंपरेने ५३१ हा क्रमांक दिलेल्या ठिकाणी, टीसीजी ऐवजी टीटीजी होते. प्रथिनात सेरिनच्या जागी ल्युसिन येते आणि औषधाला पकड मिळत नाही. पट्टीवरील एक रेषा मूळ मजकुरासाठी असते, दुसरी या बदललेल्या मजकुरासाठी.

बदललेला पेड मूळ मजकुराच्या शोधकाजवळ आला, तर त्याला बसण्यास फारशी आडकाठी होत नाही. चेनचे पहिले दाते कोठेही अडकू शकतात, एक दाता तुटका असल्याचे नंतरच कळते. त्यामुळे येण्याचा वेग दोघांचा साधारण सारखाच असतो. फरक पडतो तो सुटण्याच्या वेगात. पूर्ण जुळलेला तुकडा त्याच तापमानात तासन्‌तास बसून राहील, तर मध्येच एक अक्षर न जुळलेला तुकडा त्याच्या कितीतरी पट लवकर सुटतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. संकरण सुरू झाल्यावर फार लवकर घेतलेले मापन हे मुख्यत: द्रावणात कोण अधिक संख्येने आहे ते सांगते, कोण अचूक जुळतो ते सांगत नाही. एकाच शोधकासाठी झटणाऱ्या दोन लक्ष्यांपैकी चुकीचे लक्ष्य अधिक असेल तर आधी तेच जागा पटकावते, आलेख वर जातो आणि पुढे योग्य लक्ष्य त्याला हळूहळू हुसकावीत असताना तो खाली येतो. मधल्याच क्षणी नोंद घेणाऱ्याला भलतेच चित्र दिसेल.

धुण्याची ती १५ मिनिटे या भेदासाठीच आहेत. तेथे नवे कोणी येत नाही, फक्त जायचे असलेले जातात. म्हणून तापमानाला एवढे महत्त्व. एलपीएच्या ४५ अंशांत एका अंशापेक्षा अधिक फरक चालत नाही. पाणी गार राहिले तर चुकीचे तुकडे चिकटून राहतात. मूळ मजकुराची रेषा उमटते आणि औषधाला न जुमानणारा जंतू साधा म्हणून गणला जाण्याचा धोका निर्माण होतो. पाणी अधिक तापले तर खरे तुकडेही निसटतात, मूळ रेषा नाहीशी होते आणि साध्या क्षयाच्या रुग्णावर प्रदीर्घ, अधिक त्रासदायक उपचारांची वेळ येऊ शकते. रेषा फिकट आल्यास ती मोजायची की नाही, याचाही नियम आहे. पट्टीवरच एक नियंत्रक रेषा असते. तिच्याइतकी किंवा तिच्याहून गडद असलेलीच रेषा ग्राह्य धरली जाते.

मूळ मजकुराची रेषा नाही आणि ठाऊक असलेल्या बदलांपैकीही एकही रेषा नाही, असेही घडते. तेव्हा तेथे एखादा अन्य बदल असावा, असे अनुमान करून जंतू प्रतिरोधक मानला जातो. बहुतेक वेळा ते बरोबर असते. मात्र काही बदल असे असतात की अक्षर बदलते, पण प्रथिन तेच राहते. अशा जंतूवर औषध व्यवस्थित चालत असते, तरी पट्टी त्याला प्रतिरोधकच ठरविते, कारण तिला केवळ अक्षर जुळले की नाही एवढेच कळते.

मग पृष्ठभाग कशासाठी?

एवढ्या अडचणी असताना शोधकाला खिळवून ठेवायचेच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या आणि आपल्याकडे 'सीबीनॅट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने तो टाळलाही आहे. तिच्या मूळ आवृत्तीत पाच शोधक द्रावणातच तरंगत असतात आणि 'आरपीओबी'मधील ८१ अक्षरांचा महत्त्वाचा पट्टा आपापसांत वाटून घेतात. जोडी जुळली की शोधक उजळतो. उत्तर दोन तासांच्या आत मिळते. परंतु द्रावणात कोण उजळले हे रंगावरूनच ओळखावे लागते आणि एकमेकांत न मिसळणारे रंग बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. पृष्ठभागावर प्रत्येक शोधकाची ओळख त्याच्या जागेवरून पटते. म्हणून पट्टीवर २७ रेषा मावतात आणि चिपवर लाखो बिंदू. त्या २७ पैकी ११ रेषा आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाशी संबंधित असलेल्या 'कॅटजी' आणि 'आयएनएचए' या जनुकांसाठी आहेत. त्यामुळे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात दोन्ही प्रकारांची सांगड घातलेली दिसते. आधी सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारी 'ट्रूनॅट' यांपैकी एका चाचणीने रिफाम्पिसिनचा निकाल घ्यायचा आणि तो अनुकूल आला की आयसोनियाझिडसाठी नमुना पट्टीच्या चाचणीकडे पाठवायचा.